पाडव्याच्या दुपारी जेवायचं कुठे?

दिवाळीच्या पाडव्याला दुपारी दोन वाजता धुळ्याच्या एसटी स्टँडवर उतरलेल्या माणसाने जेवायचं कुठे? आग्रा रोडवरची दुकानं बंद असतात. खानावळींना कुलूप असतं, कारण आचारी आणि वाढणारी पोरं आपापल्या गावाला गेलेली असतात. मिठाईवाले तेवढे उघडे, पण पेढ्या-बर्फीवर दुपार निघत नाही. ज्याच्या घरात पाहुणे आलेत, ओवाळणं चाललंय, त्याला हा प्रश्न पडायचं कारण नाही. तो पडतो मुक्कामी गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हर-कंडक्टरला, पेशंटबरोबर सातपुड्यातल्या धडगावहून आलेल्या बापाला, एटीएमच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या वॉचमनला, तिकीट न मिळाल्याने होस्टेलवर राहिलेल्या पोराला. सणाच्या दिवशी शहर आपल्या माणसांसाठी भरलेलं असतं आणि परक्यासाठी तितकंच रिकामं.

आपण हा विषय कुणाच्या तरी चांगुलपणावर सोडून दिलाय. मला तो महापालिकेच्या विषयपत्रिकेवरचा विषय वाटतो, पाणी आणि दिवाबत्तीइतकाच. आणि हे मी बोलतो ते एका हॉटेलच्या अनुभवावरून. ते हॉटेल आता नाही.

धुळ्याच्या जुन्या पेठेत गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्जने ही पेठ सरळ रेषांत आखली, आणि आजही पत्ता सांगताना माणूस आधी गल्लीचा नंबर सांगतो. अशाच एका गल्लीच्या तोंडाशी हे हॉटेल होतं. मालकाला सगळे आप्पा म्हणत, त्याच्या बायकोला माय. बोर्डावरचं नाव फारसं कुणी घेत नसे, ‘आप्पाकडे’ म्हटलं की पुरे. लाकडी बाकं, संगमरवरी फरश्यांची टेबलं, भिंतीवर गणपती आणि शेजारी महात्मा फुल्यांची तसबीर. सकाळी पोहे आणि चहा, दुपारी-रात्री जेवण. जेवणात शेवभाजी हमखास. कांदा आणि सुकं खोबरं भट्टीच्या निखाऱ्यावर पार काळं पडेस्तोवर भाजायचं, लसूण सढळ, मसाला मायने घरी कुटलेला. रस्सा सकाळीच तयार असे, पण जाड शेव त्यात पडायची ती गिऱ्हाईक बसल्यावर, ताट टेबलाकडे निघताना. आधी टाकली तर शेवेचा गाळ होतो. नवीन पोरगं कामाला लागलं की आप्पा त्याला पहिली गोष्ट हीच शिकवत. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, कांदा, तळलेली मिरची. खान्देशात शेवभाजी कुठेही मिळते आणि प्रत्येकाला आपल्याच गल्लीतली खरी वाटते, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

बोलायचंय ते वहीबद्दल. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, गल्ल्याच्या खाली ठेवलेली उधारीची वही. तिच्यात बऱ्याच खात्यांना माणसाचं नावच नव्हतं. ‘साक्री गाडी’, ‘उंच मेडिकलवाला’, ‘पाचव्या गल्लीतले मास्तर’, ‘तहसीलचा नवा’. बदली होऊन आलेला कारकून पहिला पगार होईपर्यंत याच वहीवर जगायचा. शिकायला आलेली पोरं महिन्याची मेस लावायची आणि घरून पैसे यायला उशीर झाला की पान उलटायचं, जेवण थांबायचं नाही. आप्पांचं बोलणं अहिराणीत. कुणी पैशांची अडचण सांगायला लागला की ते म्हणत, “आधी जेव, मंग बोल.” जेवून झाल्यावर बहुतेकांना बोलायची गरज उरत नसे.

दिवाळीत हे हॉटेल बंद राहत नसे. धनत्रयोदशीला पोरांना बोनस, फराळाची पुडकी आणि एसटीचं भाडं देऊन गावाला पाठवून द्यायचे. मग लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज असे तीन दिवस आप्पा, माय आणि घरातली मंडळीच हॉटेल चालवत. त्या तीन दिवसांत एकच जेवण, वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. त्यामागे हिशोब होता. पोळ्या लाटायला चार हात लागतात आणि त्या गरम खायच्या असतात. बट्टीचं पीठ एकदा मळलं, गोळे उकडून-तळून ठेवले की दोन माणसं शंभर माणसांना वाढू शकतात. उदार व्हायचं तर असा विचार करावा लागतो, हे मला तिथे कळलं. आणि त्या दिवशी कुणी पैसे पुढे केले की आप्पा हाताने मागे सारत. “आज गल्ला बंद शे, सकाय देजो.” पैसे उद्या दे. उद्या ती गाडी साक्रीच्याही पुढे गेलेली असायची, हे त्यांनाही ठाऊक होतं.

गल्ली यात कशी आली तेही सांगतो. पाडव्याला सकाळी घराघरातून एकेक ताट आप्पांकडे जायचं. शंकरपाळे, चिवडा, कुणाच्या करंज्या, कुणाचे अनारसे. ताटाच्या खाली नाव कोरलेलं, म्हणजे परत बरोबर घरी येईल. ताटं पोचवायचं काम आम्हा पोरांचं. तिथे गेल्यावर बसून जेवायचं, आणि शेजारी कोण बसलाय हे आपण निवडायचं नाही. एका बाजूला खाकी कपड्यातला कंडक्टर, दुसऱ्या बाजूला डोक्याला फडकं बांधलेला, सिव्हिलमध्ये बायको दाखल असलेला पावरा आदिवासी बाप्या, जो कुणाशी बोलत नव्हता आणि ज्याला माय न विचारता तूप वाढत होती. आमच्या घरात पाहुणे म्हणून जी माणसं येत ती आमच्यासारखीच असत. आमच्यासारखा नसलेला माणूस सणाच्या दिवशी पंगतीला शेजारी बसला, तो पहिल्यांदा तिथे.

घराचं कॅलेंडर आणि हॉटेलचं कॅलेंडर यांत हा फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडचे मोठे सण मुळात आपल्यांसाठीच असतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशची देवी कानबाई बसते, रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, पुण्या-सुरतेला गेलेले भाऊबंद गावी येतात, आणि ते रोट भाऊबंदकीतच संपवायचे असतात, बाहेर द्यायचे नसतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके चढतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होते. त्याच आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल संपतं. जुन्या मालकाकडून हिशोब घेऊन निघालेला, नव्याकडे अजून न रुजू झालेला माणूस त्या दिवशी कुठल्याच घरचा नसतो. सणाला दोष देत नाही. कुळाने, घराने एकत्र यावं म्हणूनच ते घडलेत आणि मला ते प्रिय आहेत. पण ज्याचं घर इथे नाही त्याची सोय सणाच्या आत नसते. ती सणाच्या बाहेर, बाजारात कुणीतरी करावी लागते. आप्पांकडे आखाजीला आमरसाची वाटी सगळ्यांना होती, सालदारांना आधी. रमजानमध्ये दिवस कलताना बाहेरच्या बाकावर खजूर आणि पाण्याचा जग ठेवलेला असे. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर लोक लोटतात, कारण १९३७ साली त्या तारखेला बाबासाहेब आंबेडकर तिथे मुक्कामाला होते. त्या दिवशी पहाटे हॉटेलातून खिचडीचं एक मोठं पातेलं तिकडे जायचं.

एसटीच्या संपात या हॉटेलची खरी परीक्षा झाली. २०१७ मध्ये ऐन दिवाळीत, १७ ऑक्टोबरपासून गाड्या थांबल्या. लक्ष्मीपूजन १९ तारखेला होतं. स्टँडवर अडकलेले प्रवासी आणि डेपोच्या दारात बसलेले कर्मचारी एकमेकांवर चिडलेले होते, आणि दोघेही आप्पांकडे जेवत होते. चार वर्षांनी, २०२१ च्या दिवाळीत, एसटीच्या राज्य सरकारात विलीनीकरणाच्या मागणीवरून पुन्हा संप झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या महिन्यांत पगार नव्हते. साक्री गाडीचं पान भरलं, त्याला दुसरं जोडलं गेलं. आप्पांचा संपाला पाठिंबा होता की विरोध, हे कुणाला कळलं नाही. कामावर परतल्यावर हप्त्या-हप्त्याने बहुतेकांनी पैसे फेडले. काहींनी नाही फेडले. त्याबद्दलही आप्पांच्या तोंडून कधी शब्द निघाला नाही.

२०२० च्या उन्हाळ्याची आठवण धुळ्यातल्या प्रत्येकाला आहे. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. मुंबई-नाशिककडून उत्तरेकडे पायी निघालेली माणसं मालेगाव, धुळे, शिरपूर करत मध्य प्रदेशातल्या सेंधव्याच्या दिशेने चालत होती. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं, वर मे महिन्याचं खान्देशातलं ऊन. हॉटेलं सरकारी आदेशाने बंद होती, पण भट्टी, पातेली, झारे, आणि दोनशे माणसांचं वरण किती डाळीत होतं याचं ज्ञान बंद झालेलं नव्हतं. गल्लीतल्या तरुणांनी आप्पांचं स्वयंपाकघर मागितलं आणि ते मिळालं. रमजान चालू होता, आणि ज्यांचे रोजे होते ती पोरंही भर दुपारी महामार्गावर पाण्याच्या बाटल्या वाटत होती. पैशाने सधन अशा दुसऱ्या लोकांनी पोत्यांनी धान्य दिलं. पण ते धान्य शिजवायची जागा गावात चालू धंद्याने तयार ठेवली होती म्हणून ते ताटात पोचलं.

माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. आप्पा चांगले होते, यात वाद नाही. पण त्यांचा चांगुलपणा त्या जागेशिवाय, त्या वहीशिवाय, महिन्याच्या मेसवाल्यांच्या बांधलेल्या उत्पन्नाशिवाय आणि परवडणाऱ्या भाड्याशिवाय घरातल्या घरात राहिला असता. वर्षभर रोजचा धंदा नीट चालला तर सणाच्या तीन दिवसांचं जेवण त्यात खपून जातं. ज्याला भाड्याची आणि डिपॉझिटची चिंता रोज खाते, तो माणूस मनाने कितीही मोठा असो, गल्ला बंद ठेवू शकत नाही.

आपल्या पांझरा नदीच्या काठी हे फार पूर्वी लोकांना कळलं होतं. फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, थळातल्या, म्हणजे त्या पाण्यावर भिजणाऱ्या, जमिनीचे फड, म्हणजे तुकडे, पाडलेले असतात, एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि पाणी द्यायला पाटकरी नेमलेला असतो. कुणाच्या शेताला किती आणि कधी, हे मालकाच्या दयेवर नसतं. शेजाऱ्याला पाणी देणं ही कुणाची मेहेरबानी नव्हती, कारण तशी व्यवस्था होती. वरच्या अंगाला मोठी धरणं झाली, नदीचं पाणी बदललं, तसे कितीतरी फड मोडकळीला आले. माणसं एका पिढीत आपमतलबी झाली म्हणून फड मोडले, असं कुणी म्हणत नाही. मग गल्लीतली हॉटेलं गेली तेव्हा आपण ‘आता तशी माणसं राहिली नाहीत’ एवढंच का म्हणतो?

आप्पांचं हॉटेल गेलं कारण इमारत विकली गेली. नवं कॉम्प्लेक्स उभं राहिलं, आणि त्यातल्या गाळ्याचं डिपॉझिट शेवभाजीच्या धंद्याला झेपणारं नव्हतं. यात बेकायदा काहीच झालं नाही. मालकाने आपली मालमत्ता विकली, बिल्डरने नियमात बांधली. रस्ता रुंदीकरणातही असंच होतं. जागेच्या मालकाला मोबदला किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जास्तीचं बांधायचा हक्क, मिळतो, भाड्याने धंदा करणारा सामान हातगाडीवर टाकून निघतो. मग तो शहराबाहेर ढाब्यावर आचारी म्हणून लागतो, किंवा मुलाकडे पुण्याला जातो. त्याच्यासोबत ती वहीही जाते, आणि वहीतली माणसं पुन्हा एकमेकांना अनोळखी होतात.

अनोळखीपणाची किंमत धुळ्याने मोजलेली आहे. ६ जानेवारी २०१३ ला एका हॉटेलात बिलाच्या किरकोळ पैशांवरून बाचाबाची झाली. त्यातून दंगल पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात ६ जणांचे जीव गेले. बिल हे फक्त निमित्त होतं, मागे बरंच काही साचलेलं होतं, हे मान्य. एखादी उधारीची वही दंगल थांबवते, असा दावा मी करणार नाही. पण जिथे खाणारा आणि वाढणारा एकमेकांना तोंडओळखीने का होईना ओळखतात, तिथे वीस-तीस रुपयांचा वाद ‘उद्या दे’ इथे संपायची शक्यता तरी असते. रोज शेजारी बसून खाल्ल्याने माणसं एकमेकांवर प्रेम करू लागतात असं नाही. एकमेकांची सवय होते. शहराला तेवढीही पुष्कळ असते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की आता मोबाइलवर जेवण मागवता येतं. येतं, पण त्याला पत्ता लागतो, फोन चार्ज लागतो, खात्यात पैसे लागतात. हॉस्पिटलच्या पायरीवर बसलेल्या माणसाकडे यातलं काय असतं? शिवाय आणून देणारा पोरगाही सणाच्या दिवशी कुणाचा तरी मुलगा असतो.

दुसरं उत्तर अन्नदानाचं. मंडळं करतात, दानशूर करतात, आणि कोणत्याही दिवशी भुकेल्याच्या पोटात गेलेला घास मला वंदनीयच आहे. पण वाढदिवसाला रुग्णालयात फळवाटप होतं, तेव्हा केळं घेणाऱ्याला आधी फोटोसाठी कॅमेऱ्याकडे बघावं लागतं. घेणारा घेतो, कारण भूक आहे. आप्पांच्या बाकावर बसलेला माणूस गिऱ्हाईक होता. आज पैसे दिले नसतील, उद्या देईल, किंवा नाही देणार. पण त्याला ताट आलं ते गिऱ्हाईक म्हणून, त्याच ताटासारखं जे शेजारच्या वकिलाला आलं. दान घेताना माणूस खाली बघतो आणि उधारीवर जेवताना समोर बघतो, हे मी पाहिलंय, म्हणून मी हॉटेलच्या बाजूने बोलतो.

तिसरं उत्तर शिवभोजन. २६ जानेवारी २०२० ला ही योजना सुरू झाली. दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात. करोनाच्या काळात ती थाळी पाच रुपयांना आणि पुढे काही काळ मोफत मिळाली, आणि तिने खरोखर माणसं जगवली. चालत्या खानावळींना, भोजनालयांना, बचत गटांना केंद्र देता येईल अशी रचना त्यात पहिल्यापासून होती, हे तिचं मोठं शहाणपण. पण थाळ्यांची संख्या ठरलेली आणि वेळ दुपारच्या दोन-तीन तासांची. रात्री नऊला शिरपूरहून रेफर होऊन आलेल्या पेशंटच्या भावाला तिचा उपयोग नाही. आणि केंद्रचालकांची बिलं सरकारकडे थकल्याच्या तक्रारी येत राहिल्या, तर सणाला केंद्र उघडं ठेवायचं बळ त्याने कुठून आणायचं?

जुन्या हॉटेलांचं सगळंच गोड होतं असं मात्र कुणी म्हणू नये. खान्देशातल्या कितीतरी गावांत दलितांसाठी कपबशी वेगळी, बाहेर खुंटीला टांगलेली असे, आणि प्यायल्यावर ती स्वतः विसळून ठेवावी लागे. ज्यांच्या आजोबांनी त्या कपातून चहा प्यायला, त्यांना ‘आपली जुनी हॉटेलं’ हे शब्द माझ्यासारखे ऐकू येत नसणार. म्हणूनच संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं आणि सार्वजनिक विहिरी यांच्याबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. तिथे प्रवेश नाकारता येणार नाही, असं ते स्पष्ट सांगतं. मी याच कलमाचा आधार घेतो. देशाच्या मूळ कायद्याने ज्या जागेला पाणवठ्याच्या रांगेत बसवलं, ती जागा गावात असावी की नसावी, हे फक्त भाड्याच्या बाजारावर कसं सोडता येईल?

बायकांचंही तेच. पुढे बाकावर पुरुष आणि मागे चुलीपाशी बाई, अशीच बहुतेक हॉटेलं. माय नसती तर आप्पांचं औदार्य शिजलंच नसतं, पण गल्लीत नाव निघायचं ते आप्पांचं. आणि टेबल पुसणारी पोरं. हॉटेल-ढाब्यांवर १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली, तोवर ‘बारक्या’ ही हाक सगळीकडे ऐकू यायची. आप्पांकडेही आधी अशी मुलं होती. त्यातल्या एकाला त्यांनी रात्रशाळेत घातलं, हे खरं; बाकीच्यांना नाही घातलं, हेही खरं. उद्या जी हॉटेलं आपण मागतो आहोत, त्यांत सणाला काम करणाऱ्याला त्याचा हक्काचा मोबदला मिळालाच पाहिजे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षभर दुकान उघडं ठेवायला मोकळीक दिली, पण कामगाराला ८ पगारी सणसुट्ट्याही दिल्या, आणि सुट्टीला काम केलं तर दुप्पट पगार. लहान हॉटेलं त्या कायद्याच्या बऱ्याच तरतुदींतून सुटतात. औदार्य मालकाच्या खिशातून यावं, पोऱ्याच्या सुट्टीतून नको.

मग करायचं काय? पहिली गोष्ट जागेची. धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय चक्करबर्डीला, शहराबाहेर गेलं. इमारत, ओपीडी, वॉर्ड, पार्किंग सगळ्याचा नकाशा झाला. पेशंटसोबत आलेली माणसं कुठे जेवतील, याला नकाशात किती जागा असते? जुनं रुग्णालय गावात होतं तेव्हा हा प्रश्न गल्ल्यांनी सोडवला होता. रुग्णालय हललं, गल्ल्या हलल्या नाहीत. नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा जिल्हा झाला, तिथेही वैद्यकीय महाविद्यालय आलं, तरी साताऱ्या-पुण्यासारख्या सोयी सातपुड्याच्या पायथ्याशी यायला वेळ आहे, आणि तोवर माणसं बोचकं घेऊन दूर दूर जाणारच आहेत. रुग्णालय, स्टँड, मोठं होस्टेल जिथे उभं राहील तिथे सरकारी किंवा महापालिकेच्या मालकीचे दोन-चार गाळे खानावळीसाठी राखून ठेवावेत. लिलावात सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला ते देऊ नयेत. भाडं ठरावीक, करार लांब मुदतीचा, आणि करारात एक अट, की सणाच्या दिवशी पाळीप्रमाणे उघडं ठेवायचं. महापालिकांच्या गाळ्यांचे वाद जळगावकरांना नव्याने सांगायला नकोत. २०१२ मध्ये तिथल्या गाळ्यांच्या मुदती संपल्या आणि पुढे वर्षानुवर्षे भाड्याचा घोळ चालला. म्हणून अटी आधीच, स्पष्ट लिहिलेल्या हव्यात.

दुसरी गोष्ट, इमारत पाडून नवी बांधताना तळमजल्यावर आधीपासून धंदा करणाऱ्या खानावळीला परवडेल असा गाळा परत देणाऱ्याला महापालिकेने काही सवलत द्यावी. पार्किंगला सवलत मिळते, तर जेवणाच्या बाकाला का नको?

तिसरी गोष्ट गल्लीने करायची. गणपतीची, नवरात्राची वर्गणी आपण देतो आणि मंडपावर, डीजेवर ती कशी जाते हेही बघतो. त्यातला एक वाटा दिवाळीच्या तीन दिवसांच्या दुप्पट पगारासाठी बाजूला ठेवला, तर हॉटेलवाल्याला घरच्यांना राबवून हे करावं लागणार नाही. फराळाची ताटं तर अजूनही घराघरात भरतातच, ती त्या दिवशी गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायची आहेत. आणि वर्षभर आठवड्यातून एकदा तरी तिथे जाऊन, पैसे देऊन जेवायचं, कारण रोजच्या गिऱ्हाइकाशिवाय सणाचं ताट निघत नाही.

चौथी गोष्ट याच वर्षी होण्यासारखी आहे, तिला ठराव लागत नाही आणि निधीही नाही. रात्री कुठलं मेडिकल उघडं आहे याची पाळी औषधवाले ठरवू शकतात, तर सणाला कुठली खानावळ उघडी हे हॉटेलवाल्यांना ठरवता येईल. लक्ष्मीपूजनाला दोन, पाडव्याला दोन, भाऊबीजेला दोन, असं वाटून घेतलं तर प्रत्येकाला आपल्या घरचीही दिवाळी मिळते. वसुबारसेच्या आत ही यादी स्टँडच्या चौकशी खिडकीवर, चक्करबर्डीच्या ओपीडीपाशी आणि होस्टेलांच्या गेटवर लागली पाहिजे. मराठीत, हिंदीत आणि जमल्यास पावरीत. यादीवर हॉटेलचं नाव, वेळ आणि फोन नंबर असला की पुरे, कुणाचा फोटो नको.